जामोवी: डिझर्टेशनला पुरेसं, पण रकान्याचा प्रकार तुम्हीच तपासा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडचे एम.एड. आणि एमबीएचे विद्यार्थी डेटा एक्सेलमध्ये भरतात आणि पुष्कळदा ‘ॲनालिसिस करून द्या’ म्हणून झेरॉक्सच्या दुकानात पेनड्राइव्ह देऊन येतात. तक्ते भरपूर मिळतात. व्हायवात ‘हीच टेस्ट का?’ विचारलं की पंचाईत. जामोवी हे आकडेवारीच्या विश्लेषणाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, आतून आर (R) या संख्याशास्त्राच्या प्रोग्रामिंग भाषेवर चालतं, पण कोड लिहावा लागत नाही. एकदा डाउनलोड केलं की नेट नसलं तरी चालतं.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो रकान्याच्या प्रकारात. फाइल उघडली की प्रत्येक रकान्याच्या नावाशेजारी चिन्ह दिसतं: तीन गोळे म्हणजे नॉमिनल (नुसती नावं किंवा गट), चढत्या पट्ट्या म्हणजे ऑर्डिनल (क्रम असलेले गट), मोजपट्टी म्हणजे कंटिन्युअस (गुणांसारखे मोजलेले आकडे). हा प्रकार सॉफ्टवेअर अंदाजाने ठरवतं. शाळेचं माध्यम १ मराठी, २ कन्नड, ३ इंग्रजी असं भरलंत आणि सरासरी मागितलीत, तर ‘माध्यमाची सरासरी १.८’ असं बिनदिक्कत छापून देतं. रकान्याच्या नावावर डबल क्लिक करा, प्रकार बदला, आकड्यांना लेबलं द्या. मगच पुढे जा.

दोन गटांच्या गुणांची तुलना असेल तर इंडिपेंडंट सॅम्पल्स टी-टेस्ट. गट नेमके दोनच हवेत. माध्यमं तिन्ही घेतलीत तर ॲनोव्हा, म्हणजे दोनहून जास्त गटांच्या सरासरींची तुलना. ‘वेल्च’ या पर्यायावर खूण करा, गटांमधला विखुरलेपणा सारखा नसला तरी ती टेस्ट टिकते. इफेक्ट साइजवरही करा, म्हणजे फरक किती मोठा ते कळतं. तक्त्यातला पी (पी-व्हॅल्यू) ०.०४ आला म्हणजे ‘शून्य परिकल्पना (फरक मुळात नाही, हे गृहीतक) खरी असण्याची शक्यता ४ टक्के’ असं नव्हे. फरक मुळात नसता, तर एवढा किंवा याहून मोठा फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची ती शक्यता.

आपल्या भागात प्रश्नावली मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत वाटली जाते. फॉर्म कुठल्या भाषेतला, याचा वेगळा रकाना ठेवाच. फिल्टर लावून दोन्हींचा क्रॉनबॅक अल्फा (प्रश्नावलीतली विधानं एकमेकांशी किती जुळतात, याचं माप) स्वतंत्र काढा. एका भाषेत तो पडला तर बहुधा भाषांतरात गडबड आहे. उलट अर्थाची विधानं ‘रिव्हर्स स्केल्ड’मध्ये टाकायची राहिली तरी अल्फा कोसळतो, तेव्हा तक्त्याखाली तशी सूचना येते, ती वाचत जा.

नमुना किती आणि कसा घ्यायचा, यात मात्र जामोवी तुमची चूक पकडणार नाही. १२०० विद्यार्थी, ५ टक्के चूक धरून यामाने सूत्राने (नमुन्याचा आकार काढायचं सूत्र) ३०० येतात, पण ते सूत्र यादृच्छिक नमुन्यातून टक्केवारी काढण्यासाठी. दोन गटांतला मध्यम फरक (इफेक्ट साइज डी ०.५) ८० टक्के पॉवरने, म्हणजे फरक खरंच असेल तर तो सापडण्याच्या ८० टक्के शक्यतेने, पकडायला गटामागे ६४ पुरतात. ओळखीच्या शाळांतून फॉर्म भरून घेतले असतील तर ‘सोयीस्कर नमुना’ असंच लिहा. त्याला रँडम म्हणू नका.

फाइल ओएमव्ही म्हणून सेव्ह करा. डेटा आणि तक्ते एकत्र राहतात. गाइडनी एखादा चल बदलायला सांगितला तर जुन्या तक्त्यावर क्लिक केलं की आधीच्या खुणा जशाच्या तशा उघडतात.