पाच कप्प्यांचा खोका आणि इंग्रजी शब्द: सात-आठ महिन्यांच्या वापरानंतर

बुटाचा एक खोका, त्यात पुठ्ठ्याचे पाच कप्पे, हातानं लिहिलेली कार्डं आणि रोजचा अर्धा-पाऊण तास. इंग्रजी शब्दसंग्रह वाढवायला उन्हाळ्यापासून मी एवढंच वापरतेय. दहावीपर्यंत जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत शिकले आणि आता लातूरला राहून बँकेच्या परीक्षांची तयारी करतेय. अभ्यासिकेत हा खोका बघून रोज कुणीतरी विचारतंच, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी गरज काय होती ते सांगते. लिपिक पदाच्या पूर्वपरीक्षेत 100 पैकी 30 गुण इंग्रजीचे असतात. गणित आणि बुद्धिमत्ता मराठीतून सोडवायची सोय आहे, इंग्रजीच्या बाबतीत तो प्रश्नच येत नाही. चुकलेल्या उत्तराला पाव गुण कापतात, त्यामुळे अंदाजानं खुणा करून भागत नाही. व्याकरणाचे नियम पाठ होते. उतारा वाचताना मात्र दर दोन ओळींना एखादा शब्द आडवा यायचा आणि वेळ तिथंच जायचा.

ही पद्धत लाइटनर खोका म्हणून ओळखली जाते. सेबास्टियान लाइटनर या पत्रकारानं ती 1972 साली मांडली. नवं कार्ड पहिल्या कप्प्यात टाकायचं. उत्तर आलं तर ते पुढच्या कप्प्यात जातं, चुकलं तर कितव्याही कप्प्यात असलं तरी सरळ पहिल्यात परत. पहिला कप्पा मी रोज बघते, दुसरा दिवसाआड, तिसरा आठवड्यातून एकदा, चौथा पंधरवड्यानं आणि पाचवा महिन्यानं. येणारे शब्द आपोआप मागं सरकतात आणि रोजचा वेळ न येणाऱ्यांवर जातो. माझ्या दृष्टीनं या पद्धतीचा सगळ्यात मोठा फायदा हाच.

हे कशामुळं चालतं तेही समजून घ्यावं, नाहीतर आठवड्याभरात कंटाळा येतो. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञानं अर्थ नसलेली अक्षरं स्वतः पाठ करून, किती वेळानं किती विसरतो याची मोजदाद केली आणि ती 1885 साली छापली. विसरणं सुरुवातीच्या काही तासांत सगळ्यात जास्त होतं आणि पुढं त्याचा वेग मंदावतो, असं त्याला दिसलं. म्हणून पहिल्या उजळण्या जवळजवळ लागतात, नंतरच्या लांब ठेवल्या तरी चालतात. दुसरा प्रयोग अलीकडचा, रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांचा, 2006 सालचा. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी तो न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी तपासलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढं होते. आठवड्यानं तपासलं तेव्हा आठवून लिहिणारे बरेच पुढं निघाले. वहीतल्या शब्दांच्या याद्या आपल्याला फसवतात त्या इथंच. दहादा वाचल्यावर शब्द ओळखीचा वाटतो, पण तोच परीक्षेत समोर आला की अर्थ आठवत नाही. खोक्यात मात्र कार्ड उलटायच्या आधी उत्तर द्यावंच लागतं.

खोका कुणालाही जमेल. खरी मेहनत आहे ती कार्ड लिहिण्यात, आणि फरकही तिथंच पडतो. लग्नसराई संपली की घरोघरी पत्रिकांचा ढीग असतो. त्यांचा कागद जाड, मागची बाजू बहुतेक कोरी, एका पत्रिकेतून चार कार्डं निघतात. पलीकडच्या टेबलावरची मुलगी पहिल्या दिवशी विचारत होती, "ताई, पत्रिकेवर काय लिहायलीस?" आता तिचाही खोका तयार आहे, आणि तिची कार्डं माझ्यापेक्षा नेटकी आहेत.

समोरच्या बाजूला मी एक वाक्य लिहिते आणि शिकायच्या शब्दाच्या जागी फक्त पहिलं अक्षर ठेवते. वाक्य आपल्या माहितीतलं हवं, हा माझा पक्का नियम. उदाहरणार्थ, 'स्केअर्स' म्हणजे दुर्मीळ, त्याचं कार्ड: 'इन 2016, वॉटर वॉज सो स्केअर्स इन लातूर दॅट अ ट्रेन हॅड टु ब्रिंग इट फ्रॉम मिरज.' ती पाण्याची रेल्वे इथल्या प्रत्येकाला आठवते. वाक्य वाचलं की घागरी आणि टँकर डोळ्यांपुढं येतात आणि शब्द त्यांच्यासोबत येतो. 'कोलॅप्स'च्या कार्डावर 30 सप्टेंबर 1993 चं किल्लारी आहे: भूकंपात दगडमातीची घरं कोसळली. 'कार्व'साठी वेरूळचं कैलास लेणं घेतलं, एकाच खडकात वरून खाली कोरत आणलेलं, आणि त्याच वाक्यात 'कार्व्ह्ड आउट ऑफ' ही जोडी बसली. मागच्या बाजूला पूर्ण शब्द, तो ज्या शब्दांसोबत येतो असे दोन-तीन सोबती आणि अगदी कोपऱ्यात बारीक अक्षरात मराठी अर्थ.

सोबत्यांवर माझा विशेष भर आहे. आपण जोराचा पाऊसही म्हणतो आणि जोराचा वाराही. इंग्रजीत मात्र पाऊस 'हेवी' असतो आणि वारा 'स्ट्राँग'. गाळलेल्या जागांच्या प्रश्नांत अनेकदा चारही पर्यायांचे अर्थ जवळपासचे असतात आणि उत्तर ठरतं ते शेजारच्या शब्दावरून. फक्त मराठी अर्थ लिहिलेलं कार्ड अशा ठिकाणी निम्मंच काम करतं.

कोणते शब्द घ्यायचे, यावर माझं मत ठाम आहे. क्लासच्या झेरॉक्स नोट्समध्ये बरेच शब्द असे असतात जे वर्तमानपत्रात वर्षभर दिसत नाहीत. त्यांच्यापासून सुरुवात करू नये. मायकेल वेस्ट यांनी 1953 साली सर्वाधिक लागणाऱ्या सुमारे 2000 शब्दांची यादी प्रसिद्ध केली. ढाक्यात वर्षानुवर्षं इंग्रजी शिकवण्यावर काम केलेला हा माणूस, त्यामुळं आपल्यासारख्या शिकणाऱ्यांची अडचण त्यांना माहीत होती. साध्या मजकुरातले साधारण 80 टक्के शब्द त्या यादीत सापडतात. त्यापुढं ॲव्हरिल कॉक्सहेड यांची 2000 सालची यादी, 570 शब्दकुळांची, म्हणजे एक मूळ शब्द आणि त्याची रूपं मिळून एक कूळ. अभ्यासाच्या पुस्तकांतला आणि लेखांतला साधारण दहावा हिस्सा ती व्यापते. 'सस्टेन', 'अलोकेट', 'कॉन्सिक्वेन्स' असे शब्द तिच्यात आहेत, आणि बँकिंग-अर्थव्यवस्थेवरच्या उताऱ्यांत हेच भेटतात. दोन्ही याद्या नेटवर मोफत मिळतात. मी यादीतला शब्द अग्रलेखात किंवा बातमीत प्रत्यक्ष भेटला की मगच त्याचं कार्ड करते.

दिसायला सारखे शब्द एकाच दिवशी घेऊ नयेत. 'अडॉप्ट' आणि 'अडॅप्ट' एका बैठकीत लिहिले तर दोन्ही एकमेकांत कालवतात. एक तिसऱ्या कप्प्यात पोचला की मगच दुसरा आणावा. समानार्थी शब्दांचे गठ्ठे पाठ करण्यावरही माझा विश्वास नाही, त्याचंही कारण हेच.

उच्चार या पद्धतीत येत नाही, तो वेगळा कमवावा लागतो. आपण मराठीच्या सवयीनं प्रत्येक अक्षरावर सारखाच जोर देतो. इंग्रजीत जोर कुठं पडतो यावर शब्द ओळखू येणं अवलंबून असतं: 'फोटोग्राफ'मध्ये पहिल्यावर, 'फोटोग्राफर'मध्ये दुसऱ्यावर. शिकणाऱ्यांसाठीच्या इंग्रजी-इंग्रजी शब्दकोशाच्या साइटवर आवाज ऐकते आणि कार्डावर त्या भागाखाली लाल रेघ ओढते. खोलीवर उजळणी मोठ्यानं, अभ्यासिकेत मनात.

त्रास आहे तो साचण्याचा. पेरणीला किंवा लग्नाला चार दिवस गावाकडं गेलं की पहिले दोन कप्पे तुंबतात. आल्यावर दोन दिवस नवं कार्ड बंद ठेवायचं आणि फक्त जुनी काढायची. एरवीही रोज पाच-सहा नव्या शब्दांच्या वर जाऊ नये, कारण आजचं प्रत्येक नवं कार्ड पुढच्या महिनाभर वेळ मागत राहतं.

मोबाइलवर हेच काम करणारं अँकी नावाचं ॲप आहे, अँड्रॉइडवर मोफत. कुठलं कार्ड कधी काढायचं हा हिशोब ते स्वतः ठेवतं, आवाजही जोडता येतो. रोज बसनं जाऊन-येऊन नोकरी करणाऱ्याला मी तेच सुचवेन. आमच्या अभ्यासिकेत मोबाइल बाहेर ठेवावा लागतो, आणि माझ्या हातात मोबाइल आला की शब्दांखेरीज पुष्कळ काही उघडतं, त्यामुळे मला कागद बरा. शिवाय हातानं लिहिताना स्पेलिंग पक्कं होतं.

आता फरक. सराव परीक्षेत इंग्रजीला 30 पैकी दहा-बाराच्या आसपास अडकायचे, हल्ली अठरा-वीसपर्यंत जाते. इंग्रजी अग्रलेख पूर्वी तास खायचा, आता वीस-पंचवीस मिनिटांत होतो आणि अडलेल्या शब्दाचा अर्थ पुष्कळदा आजूबाजूच्या वाक्यांवरून लागतो. उताऱ्यांचं भय गेलं, याचं मला फार समाधान आहे. बोलणं मात्र अजून अडखळतं. कार्डावरचा शब्द वाचताना लगेच ओळखते, बोलताना तो वेळेवर सापडत नाही. त्यासाठी गेल्या महिन्यापासून आम्ही तिघी-चौघी मेसवरून परतताना दिवसातलं काहीतरी इंग्रजीत सांगतो, आणि त्यात पाचव्या कप्प्यातले निदान दोन शब्द आणायचेच असं ठरवलंय. ते कितपत जमतंय हे दिवाळीनंतर लिहीन.

पाचव्या कप्प्यात दोनदा बरोबर आलेलं कार्ड मी बाहेर काढून पिशवीत टाकते. पिशवीतून महिन्या-दोन महिन्यांनी मूठभर कार्डं काढून तपासते. त्यातली एक-दोन चुकतात, ती परत पहिल्या कप्प्यात जातात.