गाव सोडलेल्यांसाठी बातम्या: व्हॉट्सॲप चॅनल, यूट्यूब की स्वतःचे संकेतस्थळ?

यवतमाळ जिल्ह्यातल्या वणी किंवा मारेगाव तालुक्यातल्या खेड्यात राहून, पुण्याला, आखातात किंवा कॅनडात गेलेल्या गावकऱ्यांसाठी बातम्या देण्याचे ज्यांच्या मनात आहे, त्यांनी आधी माध्यम निवडायला हवे.

पोहोचण्याच्या बाबतीत व्हॉट्सॲपला तोड नाही. २०२३ मध्ये आलेल्या चॅनलला ग्रुपसारखी १०२४ सदस्यांची मर्यादा नाही आणि वाचकांचे नंबर एकमेकांना दिसत नाहीत, ही गावकीच्या राजकारणात मोठी सोय आहे. मात्र वाचकांची यादी आपल्या हाती राहत नाही. कॅनडात वृत्तसंस्थांना मोबदला देण्याचा कायदा झाल्यावर व्हॉट्सॲपची मालक कंपनी मेटाने ऑगस्ट २०२३ पासून तिथे फेसबुक आणि इन्स्टाग्रामवरील बातम्याच बंद केल्या आणि त्यांवर विसंबलेल्या छोट्या माध्यमांची वाट तुटली. व्हॉट्सॲप त्यातून सुटले, पण कंपनी तीच आहे.

दुसरी अडचण मला अधिक गंभीर वाटते: व्हॉट्सॲपवरचा जुना मजकूर मूळ तारखेविना पुढे जात राहतो. ई-पीक पाहणीला, म्हणजे मोबाइल ॲपवरून पिकाची सरकारी नोंद करण्याला, मुदतवाढ मिळाल्याचा गेल्या वर्षीचा मजकूर यंदा पुन्हा फिरू लागला, तर पुण्यात नोकरी करणारा वावराचा मालक निर्धास्त राहतो आणि खरी मुदत निघून जाते. संकेतस्थळावरील बातमीवर तारीख असते, चूक त्याच जागी दुरुस्त करता येते आणि ईमेलने वर्गणीदार जोडले तर त्यांचे पत्ते आपल्याकडेच राहतात. त्यासाठी दरवर्षी थोडा खर्च येतो आणि वाचक हळूहळू जमतात, हे मान्य करूनही मूळ बातमी संकेतस्थळावर ठेवावी आणि चॅनलवर तिचा दुवा द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

यूट्यूबवर जाहिरातीच्या उत्पन्नासाठी १००० सदस्य आणि, लांब व्हिडिओंच्या मार्गाने, वर्षभरात ४००० तासांचे प्रेक्षण लागते. एका तालुक्याच्या बातम्यांना ते जड जाते आणि मग भडक विषयांकडे ओढ लागते. ग्रामसभेचे चित्रण ठेवण्यापुरते ते चांगले.

कृत्रिम बुद्धिमत्तेने मुलाखत उतरवून घेणे किंवा परदेशात वाढलेल्या मुलांसाठी इंग्रजी सारांश करणे खुशाल करावे, कारण एकट्याने काम करणाऱ्याचा बराच वेळ त्यात वाचतो. मात्र यवतमाळ जिल्ह्यातली वणी आणि नाशिक जिल्ह्यातली वणी यांत यंत्राची गल्लत होऊ शकते, म्हणून गावांची नावे प्रत्येक वेळी स्वतः तपासावीत. कापसाचा भाव बाजार समितीत फोन करून आणि निधनवार्ता घरच्यांना विचारूनच द्यावी.