अँटेना उतरवून फ्री डिश बसवली, कोकणातला अख्खा पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

आमचं घर देवगड तालुक्यात, समुद्र अगदी जवळ, त्यामुळे खाली जे लिहितेय ते खाऱ्या वाऱ्यातलं आणि जून ते सप्टेंबरच्या पावसातलं आहे, घाटावरच्या लोकांना यातलं अर्धं लागू होणार नाही. वाडीतले बरेच जण विचारतात, माहेरहून पण सारखे फोन येतात, म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहून ठेवते.

आमच्याकडे सासूसासरे, म्हणजे आमचे आई-बाबा, दोघंही दूरदर्शनवाले. कौलांच्या वर पाइपाला बांधलेला ॲल्युमिनियमचा अँटेना, आणि सह्याद्री वाहिनी, बस्स. वारा सुटला की एकानं वर चढून पाइप फिरवायचा आणि दुसऱ्यानं खालून "आला आला, गेला" ओरडायचं, हे वर्षानुवर्षं चालू होतं. मग प्रक्षेपक बंद झाला आणि पडद्यावर नुसत्या मुंग्या. बाबांनी आधी वायर तपासली, मग टीव्ही दुकानात नेला, दुकानवाल्यानं सांगितलं टीव्ही चांगला आहे, सिग्नलच येत नाही. अँटेनावरचं जुनं ॲनालॉग प्रक्षेपण देशभर टप्प्याटप्प्यानं बंद होत आलं होतं, सीमाभागासारखी मोक्याची पन्नासेक ठिकाणं सोडून बाकीचं ३१ मार्च २०२२ पर्यंत गुंडाळायचं असं प्रसार भारतीनं ठरवलेलं. केबलचं डिजिटल त्याच्या आधीच झालं, २०१२ मध्ये मुंबईसारख्या महानगरांपासून सुरू होऊन खेड्यापाड्यांसाठी शेवटची तारीख ३१ मार्च २०१७ होती. पण आमच्या वाडीत केबल कधी आलीच नाही, त्यामुळे डिजिटल म्हणजे काय ते आमच्या घरात कळलं ते थेट मुंग्या दिसल्यावर.

मधे काही दिवस पैसेवाली डिश घेऊन बघितली. चित्र छान, पण म्हाताऱ्या माणसांच्या घरात रिचार्ज हा प्रकार फार त्रासाचा आहे. २०१९ च्या नियमांत नुसतं शंभर चॅनलचं भाडंच १३० रुपये अधिक जीएसटी म्हणजे १५३ रुपये ४० पैसे होतं, त्याच्यावर आवडीचे पे चॅनल वेगळे. रिचार्ज संपला की टीव्ही बंद, नेमका नवरा कामावर आणि मी शेतात, आणि आई संध्याकाळच्या बातम्यांच्या वेळेला काळ्या पडद्यासमोर बसलेल्या. तेव्हा ठरवलं की महिन्याचा खर्च नसलेलंच काहीतरी हवं, म्हणून डीडी फ्री डिश.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ही दूरदर्शनची स्वतःची उपग्रह सेवा आहे, डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस नावानं सुरू झालेली. एकदा छत्री (म्हणजे ताटलीसारखी डिश) आणि बॉक्स घेतला की महिन्याला काही द्यायचं नाही. आम्हाला छत्री, एलएनबी (छत्रीसमोरचा सिग्नल पकडणारा डबीसारखा भाग), बॉक्स, वायर आणि बसवणावळ धरून दोन हजारांच्या आत पडलं.

आता बॉक्स घेताना एक गोष्ट नीट बघा, कारण इथेच लोक फसतायत. बाजारात दोन जातीचे बॉक्स मिळतात, जुना एमपेग-२ आणि नवा एमपेग-४ (चित्र दाबून पाठवायच्या या दोन पद्धती). फ्री डिशवर काही चॅनल एमपेग-४ मध्ये येतात आणि ते जुन्या बॉक्सला दिसत नाहीत, ब्लँक. आम्हाला एका दुकानदारानं आधी जुनाच स्टॉक दिला होता, वर सांगितलं "सगळे सारखेच असतात वहिनी". सारखे नसतात. खोक्यावर एमपेग-४ किंवा एचडी लिहिलेलं बघूनच घ्या, थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील. आम्ही दुसऱ्या दिवशी जाऊन भांडून बदलून आणला.

दुसरं, जुना डबा टीव्ही असेल तर तो फेकायची अजिबात गरज नाही!! हे मी मुद्दाम सांगतेय कारण वाडीत दोघातिघांनी चांगले चालू टीव्ही भंगारात दिले. टीव्हीच्या मागे पिवळी-पांढरी-लाल भोकं असतील तर तीन पिनांच्या वायरनं बॉक्स सरळ लागतो, नवीन टीव्हीला एचडीएमआय वायर. आणि माझ्या माहेरचा टीव्ही इतका जुना की त्याला मागे फक्त अँटेनाचं भोक, त्यासाठी आरएफ आउटपुट, म्हणजे अँटेनाच्या भोकात लागणारी वायर, असलेला बॉक्स मिळतो, किंवा आरएफ मॉड्युलेटर म्हणून छोटी डबी वेगळी मिळते, ती मधे लावायची, टीव्हीवर एक ठरावीक चॅनल ट्यून करून ठेवायचा आणि बाकी सगळं बॉक्सच्या रिमोटनं. चित्र एचडीएमआयइतकं नाही येत, पण अँटेनाच्या चित्रापेक्षा कितीतरी स्वच्छ. जुन्या टीव्हीला बॉक्सच्या सेटिंगमध्ये जाऊन स्क्रीन ४:३ करा, नाहीतर माणसं उभट दिसतात.

बसवण्याबद्दल जरा जास्त लिहिते, कारण वर्षभर टीव्ही नीट चालणं बॉक्सपेक्षा याच्यावर अवलंबून आहे. अँटेनाची सवय असल्यानं प्रत्येकाला वाटतं जेवढं उंच तेवढं बरं. छत्रीला उंचीचा काही फायदा नाही. उपग्रह जीसॅट-१५ पूर्व रेखांश ९३.५ अंशावर आहे, म्हणजे आपल्या कोकणातून बघितलं तर आग्नेयेला आणि आकाशात बराच वर, साधारण साठ अंशावर. त्यामुळे पूर्वेला सह्याद्री आहे, डोंगर आड येईल, ही भीती काढून टाका, डोंगर एवढा वर येत नाही. आड येतो तो अंगणातला फणस. नाहीतर शेजारच्या माडाचं चुडीत (झावळी), जे उन्हाळ्यात वाकडं असतं आणि पावसात पाणी पिऊन अजून खाली येतं, आणि मग जूनमध्ये लोक म्हणतात डिश खराब झाली.

बसवायला आलेला मुलगा पाइप कौलांवरच उभा करणार होता. आम्ही नको म्हटलं. अंगणाच्या कोपऱ्यात, जिथून आग्नेयेचं आकाश मोकळं दिसतं तिथे, सिमेंटचा छोटा चौथरा घालून त्यात पाइप गाडला आणि कंबरभर उंचीवर छत्री लावली. चिऱ्याच्या भिंतीत बोल्ट मारू नका, चिरा मऊ, वाऱ्यानं छत्री हलत राहते आणि भोक मोठं होत जातं, आणि छत्री बोटभर जरी सरकली तरी सिग्नल गेला. भिंतीवरच लावायची असेल तर सिमेंटच्या बीममध्ये मारा. २०२० चं निसर्ग आणि पुढच्या वर्षीचं तौक्ते, दोन्ही वादळांत काय काय उडालं ते आपण सगळ्यांनी बघितलंय, खाली चौथऱ्यावर असलेली छत्री वाऱ्यात कमी सापडते आणि साफ करायला शिडी लागत नाही. आमच्या आई सकाळी अंगण झाडताना तिच्यावरची पानंही झाडून टाकतात.

आता पाऊस. पावसात डिश जाते का, सगळे पहिला प्रश्न हाच विचारतात. खरं सांगायचं तर हो, जाते. उपग्रहाचा हा सिग्नल केयू बँडचा, म्हणजे फार वरच्या फ्रिक्वेन्सीचा, दाट पावसात तो वाटेतच शोषला जातो, सगळ्याच डिशना हे होतं, पैसेवाल्यांना पण. अँटेनाच्या काळात चित्र हळूहळू खराब व्हायचं, मुंग्या यायच्या पण बातम्या ऐकू तरी यायच्या, डिजिटलमध्ये तसं नाही, आधी चौकोन चौकोन फुटतात, मग आवाज तुटतो आणि मग "नो सिग्नल". बाबा पहिल्या पावसात वैतागले, "पावसात बंद पडता तर मगे उपयोग काय?" पण संबंध पावसाळाभर बघितल्यावर माझं मत असं की रिपरिप पावसाला काहीही होत नाही, जाते ती ढगफुटीसारखा सपाटून लागला की, आणि सर ओसरली की आपोआप येते, कशाला हात लावायचा नाही. लोक नेमकं तेव्हाच छत्री फिरवायला जातात आणि मग खरोखरच बिघडते. छत्री थोडी मोठी घेतली तर पावसात टिकाव जास्त लागतो, आमची साठ सेंटिमीटरची आहे, शक्य असेल तर कोकणात पाऊणशे-नव्वदची घ्या असं आता सांगेन.

पावसापेक्षा मोठा शत्रू खारा वारा. सप्टेंबरात गणपती गेल्यावर आमचं चित्र कोरड्या दिवसात पण फुटायला लागलं. नवऱ्यानं एलएनबीकडचा कनेक्टर उघडला तर आतल्या तांब्याच्या तारेवर हिरवा थर चढलेला, बाहेरची जाळी काळी पडून बोटानं चुरा होत होती, आणि कनेक्टर उलटा केला तर आतून पाण्याचा थेंब पडला. म्हणजे एलएनबी चांगला, बॉक्स चांगला, दहा रुपयांच्या कनेक्टरमुळे सगळं अडलेलं. वायर वीतभर कापली, नवीन कनेक्टर लावला, त्यावर स्वतःला चिकटणारी रबरी टेप ताणून गुंडाळली (साधी इलेक्ट्रिकची काळी टेप उन्हानं सुटते), आणि वायरला एलएनबीच्या खाली एक झोळ दिला, म्हणजे वायरीवरून येणारं पाणी त्या झोळाच्या तळाला थेंब होऊन गळतं, कनेक्टरकडे चढत नाही. घरात शिरताना पण तसाच झोळ द्या, नाहीतर पाणी वायरीवरून थेट बॉक्सपर्यंत येतं. नट-बोल्टना ग्रीस लावून ठेवा, किनाऱ्यावर एका पावसात गंजून जाम होतात. तेव्हापासून एकदाही त्रास नाही.

विजेचं सांगायचं राहिलं. मे महिन्यातला वळीव आणि ऑक्टोबरातला परतीचा पाऊस, तेव्हा गडगडाट जास्त असतो, ढग काळे झाले की नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लग आणि बॉक्सच्या मागची छत्रीची वायर दोन्ही काढून ठेवा. आम्ही ते काम सातवीतल्या लेकीला दिलंय आणि ती विसरत नाही.

अजून एक, मार्चच्या मध्यावर आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला काही दिवस सकाळी अकराच्या सुमारास थोडी मिनिटं सिग्नल जातो, स्वच्छ उन्हात. तेव्हा सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे येतो, म्हणून. चार-पाच दिवसांत आपोआप थांबतं, मेकॅनिकला बोलावून पैसे घालवू नका.

चॅनलबद्दल. सह्याद्री आहे, डीडीचे बाकीचे आहेत, मराठीत अजून थोडे फुकटचे आहेत, हिंदी सिनेमे आणि बातम्या भरपूर. ज्या मोठ्या मराठी मालिका घरोघरी चालतात ते पे चॅनल इथे नाहीत, ज्यांना त्याच बघायच्यात त्यांनी फ्री डिश घेऊन नाराज होऊ नये. खाजगी चॅनल लिलावात जागा घेऊन येतात त्यामुळे यादी बदलत राहते, १ एप्रिल २०२२ ला लोकांचे आवडते चार हिंदी चॅनल एकदम गेले होते. एखादा चॅनल अचानक गेला तर मेनूत जाऊन ऑटो स्कॅन करून बघा, फॅक्टरी रिसेट नको. स्कॅन करूनही काहीच सापडत नसेल तर ११०९०, व्हर्टिकल, २९५०० ही फ्रिक्वेन्सी हातानं टाकून सिग्नलची पट्टी हलते का बघा, कागदावर लिहून बॉक्सच्या खाली ठेवा. भारताच्या महत्त्वाच्या क्रिकेट मॅच डीडी स्पोर्ट्सवर दिसतात, २००७ च्या कायद्यानं त्या दूरदर्शनला द्याव्याच लागतात, बाबांच्या सगळ्या तक्रारी तिथे संपल्या. आणि रेडिओचे चॅनल पण आहेत, आकाशवाणीची मराठी सेवा पहाटे टीव्हीवर लावून ठेवते मी, स्वयंपाकघरापर्यंत आवाज येतो.

चित्राबद्दल आईंचंच सांगते. त्यांना मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर पण बातम्यांच्या खालची पट्टी कधी वाचता आली नव्हती, आम्हाला वाटायचं डोळेच अधू. पहिल्या संध्याकाळी त्या पुढे सरकून बसल्या आणि म्हणाल्या, "खालची अक्षरां पण वाचूक गावतत गो!" आणि मोठ्यानं एकेक ओळ वाचायला लागल्या. मला त्या दिवशी फार बरं वाटलं, खूपच.

पण घरातल्या म्हाताऱ्यांना रिमोट शिकवायला वेळ काढा, प्लीज. आधी एक बटण होतं, आता दोन रिमोट, त्यात टीव्हीच्या रिमोटवर चुकून सोर्सचं बटण दाबलं गेलं की सगळं गायब आणि ती माणसं घाबरून टीव्ही लावायचाच सोडून देतात. आम्ही टीव्ही नेहमी बॉक्सच्याच इनपुटवर सुरू होईल असं केलं, टीव्हीच्या रिमोटवर चालू-बंद आणि आवाज एवढंच ठेवून बाकीवर टेप मारली, बॉक्सच्या रिमोटवर लागणाऱ्या बटणांना लाल नेलपेंट, आणि फेव्हरिटमध्ये त्यांचे ठरलेले चॅनलच. आठवडाभर रोज संध्याकाळी शेजारी बसून त्यांच्याच हातून लावून घेतलं. अमेरिकेत १२ जून २००९ ला मोठ्या स्टेशनांचं ॲनालॉग बंद झालं तेव्हा तिथल्या सरकारनं घरटी दोन पर्यंत, चाळीस डॉलरची कूपनं दिली होती बॉक्ससाठी. आपल्याकडे पण दुर्गम, आदिवासी आणि सीमाभागासाठी आठ लाख फ्री डिश बॉक्स मोफत द्यायची योजना २०२३ मध्ये मंजूर झाली. बॉक्स कोणीही देईल हो, पण शेजारी बसून शिकवायला घरातलंच कोणीतरी लागतं. मुंबईकर मंडळी मे महिन्यात आणि गणपतीत येतात तेव्हा बॉक्स भेट देऊन निघून जाऊ नका, दोन संध्याकाळी त्यासाठी ठेवा.

एक उणीव मात्र मला खरंच जाणवते. आपल्या सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या बातम्या, घाट बंद आहे का, बोटींना समुद्रात जायला मनाई आहे का, हे इथे नीट मिळत नाही, राज्याच्या बातम्यांत एक ओळ येते तेवढीच. त्यासाठी ट्रान्झिस्टर आम्ही ठेवलाय आणि तुम्हीही ठेवा, लाईट गेल्यावर टीव्ही कुठलाही असो, बंदच.

आता मे संपायच्या आत माहेरी जाऊन तिथली वायर आणि कनेक्टर बदलायचेत, त्यांचा चौथरा अजून झालेला नाही. कोणाला आरएफ मॉड्युलेटर कणकवलीच्या बाजूला चांगला मिळाला असेल तर सांगा, आमच्या इकडे आणलेला एक आवाजात घरघर करतो.