टेनिस एल्बोचे माझे पाच महिने: मशीनची दहा सिटिंग आणि पाण्याची अर्ध्या लिटरची बाटली

आमचं डोंबिवलीत पोळीभाजी केंद्र आहे, रोज दोनशेच्या वर पोळ्या जातात, त्यातल्या निम्म्या तरी माझ्या हातच्या असतात आणि मागच्या दिवाळीत चकलीच्या ऑर्डरी घेतल्या म्हणून आठ दिवस वर हाताचा सोऱ्या फिरवला. भाऊबीज झाली आणि उजव्या कोपराच्या बाहेरच्या बाजूला जे दुखायला लागलं ते थांबेचना. चहाचा कप उचलला तरी कळ, दाराची कडी काढली तरी कळ, पंचा पिळताना तर थेट मनगटापर्यंत जायची. डॉक्टरांनी हाडावर दाबून बघितलं, मनगट वर उचलायला सांगून वरून दाब दिला आणि म्हणाले टेनिस एल्बो. हे नाव आपल्याकडे घरोघरी कळलं ते सचिनमुळे, २००४ ला त्याचं डावं कोपर धरलं होतं आणि २००५ ला लंडनला ऑपरेशन झालं होतं, त्यामुळे मला वाटायचं हा खेळाडूंचाच आजार. पण ज्यांना होतो त्यातले बहुतेक जण टेनिस खेळणारे नसतातच, सुतार, रंगारी, प्लंबर, शिवणकामवाल्या, चाळिशीच्या पुढचं कोणीही ज्याचा हात दिवसभर काहीतरी घट्ट धरून असतो.

तर हा रिव्ह्यू मी घेतलेल्या फिजिओथेरपीचा आहे. दोन ठिकाणी घेतली, नावं दोन्हींची लिहीत नाही.

पहिल्या ठिकाणी दहा सिटिंगचं पॅकेज होतं, पैसे आधी. गेलं की हाताला गरम पॅक, मग आयएफटी नावाच्या विजेच्या मशीनचे पॅड लावून मुंग्या आणणारा करंट, मग जेल लावून अल्ट्रासाउंड म्हणजे ध्वनिलहरींचं मशीन (सोनोग्राफी नव्हे), अर्ध्या तासात बाहेर. तिथून निघताना बरं वाटायचं हे खरं आहे, पण संध्याकाळी लाटणं हातात घेतलं की परत जिथल्या तिथे. दहा सिटिंगमध्ये मी काय काम करते हे मला एकदाही कोणी विचारलं नाही, हात हलवून बघितला नाही, आणि याचा मला अजून राग आहे कारण माझे तीन आठवडे त्यात गेले. शेवटी सांगितलं अजून दहा घ्या.

मध्येच एका ऑर्थोपेडिककडे गेले, त्यांनी स्टेरॉइडचं इंजेक्शन सुचवलं. शेजारच्या वहिनींनी घेतलं होतं, त्यांना महिनाभर एकदम छान वाटलं आणि मग होतं त्यापेक्षा जास्त दुखलं, म्हणून मी थांबले.

दुसरी फिजिओ म्हणजे एक तरुण मुलगी, एकटीच छोटं क्लिनिक चालवते, दुसरा मजला, लिफ्ट नाही. पहिल्याच दिवशी पाऊण तास दिला. मान हलवून बघितली, कारण मानेतली नस दबली तरी कोपरात दुखू शकतं म्हणे, मग मधलं बोट वर उचलायला सांगून त्यावर दाब दिला तेव्हा मी ओरडलेच. मग एक मूठ आवळायचं यंत्र दिलं आणि सांगितलं, दुखायला लागेल तिथे थांबा. उजव्या हाताचे ९ किलो आले, डाव्याचे २४. आणि म्हणाली, काकू, पुढच्या वेळी येताना पोळपाट-लाटणं घेऊन या.

तिने जे समजावलं ते इथे लिहिते कारण मला ते आधी कळलं असतं तर बरं झालं असतं. मनगट मागे उचलणारे स्नायू कोपराच्या बाहेरच्या हाडाला चिकटलेले असतात. आपण काहीही घट्ट धरलं की मनगट खाली पडू नये म्हणून हेच स्नायू काम करतात, म्हणून नुसती मूठ आवळली तरी कोपर दुखतं. तिथला टेंडन, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारी दोरी, वर्षानुवर्षं झिजतो, ती नुसती सूज नसते, त्यामुळे गोळी आणि शेक यांनी दुखणं दबतं पण टेंडन काही मजबूत होत नाही, आणि पूर्ण आराम दिला तर तो अजून कमकुवत होतो. त्याला मोजून मापून वजन द्यावं लागतं.

इंजेक्शनबद्दल विचारलं तर तिने ऑस्ट्रेलियातल्या २००६ च्या एका अभ्यासाचं सांगितलं, १९८ पेशंट होते, काहींना इंजेक्शन, काहींना फिजिओ, काहींना नुसतं थांबा म्हणून सल्ला. सहा आठवड्यांनी इंजेक्शनवाले सगळ्यात पुढे होते, पण नंतर त्या बऱ्या झालेल्यांपैकी ७२ टक्के लोकांचं दुखणं परत आलं. आणि तिने हेही स्वतःहून सांगितलं की वर्षभराने फिजिओवाले आणि नुसते थांबलेले जवळपास सारखेच होते, फिजिओने फरक पडला तो पहिल्या काही आठवड्यांत. स्वतःच्या धंद्याबद्दल इतकं खरं बोलणारी भेटली म्हणून माझा विश्वास बसला. मला वर्षभर थांबणं परवडणारंच नव्हतं, स्टेशनवरून उतरलेल्या बायका साडेसातला दारात उभ्या असतात.

व्यायाम अगदी साधे. पहिले दोन आठवडे हात टेबलावर, तळवा खाली, मनगट टेबलाच्या कडेबाहेर, हातात अर्ध्या लिटरची भरलेली बाटली आणि मनगट सरळ तसंच धरून ठेवायचं, ४५ सेकंद, पाच वेळा. मग डाव्या हाताने मनगट वर उचलून द्यायचं आणि उजव्याने एकट्याने हळूहळू खाली सोडायचं, चार आकडे मोजत, १५ चे तीन सेट, रोज. पुढे बाटली एक लिटरची झाली, टॉवेलची गुंडाळी पिळायची आली, खांद्याच्या मागच्या स्नायूंसाठी रबर बँड आला. दुखणं दहापैकी तीन-चारपर्यंत चालेल पण दुसऱ्या सकाळी वाढलेलं नको, हा नियम. क्लिनिकमध्ये ती कोपराखालचा हात बाहेरच्या बाजूला दाबून धरायची आणि मला मूठ आवळायला लावायची, त्या क्षणी दुखणं जवळजवळ गायब व्हायचं, पहिल्यांदा झालं तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

आणि लाटणं. मी लाटण्याची टोकं मुठीत आवळून लाटते हे मला स्वतःला माहीतच नव्हतं. तिने मूठ उघडून तळव्याने फिरवायला शिकवलं, ओटा उंच पडतो म्हणून पाटावर उभं राहायला सांगितलं, पातेलं उचलताना तळवा वर आणि कोपर अंगाजवळ, आणि सांडशीने जड कढई एका हाताने उचलणं बंद. कणीक मळायचं मशीन घेतलं, तो खर्च मात्र मोठा झाला. टेनिस एल्बोचा पट्टा दुखऱ्या जागेच्या दोन बोटं खाली बांधायचा आणि फक्त कामाच्या वेळी, मी आधी तो बरोबर हाडावरच बांधून झोपत होते.

तक्रारी आहेत. वेळ दिलेली असून दोनदा चाळीस मिनिटं बसवलं, आणि पाचव्या आठवड्यात काहीच फरक दिसेना तेव्हा मी वैतागून व्यायाम सोडून दिला होता, तेव्हा तिने फोन करून विचारायला हवं होतं असं मला वाटतं. परत गेले ती माझी मीच. नशीब की गेले, कारण आठव्या आठवड्यापासून कप उचलताना दुखायचं थांबलं.

एकूण सात वेळा गेले, दर वेळचे पाचशे. चौदाव्या आठवड्यात उजव्या हाताचे २२ किलो आले, दुखल्याशिवाय. पोळ्या परत लाटते, मध्ये थांबून थांबून, बाटलीचा व्यायाम आठवड्यातून तीनदा चालूच आहे. सोऱ्या अजून हातात घेतलेला नाही, श्रावणात थोड्या चकल्या पाडून बघणार आहे.