टेली मानस १४४१६ : दुसऱ्यासाठी फोन केला, त्याचा अनुभव

★★★★★

यवतमाळ जिल्ह्यात माझं कृषी केंद्र आहे. बियाणं, खत, फवारणीची औषधं आणि उधारीची वही. कोणाचं घर कुठं अडलंय, हे बँकेआधी आम्हाला कळतं.

एक जुनं गिऱ्हाईक, नाव-गाव सांगत नाही. सोयाबीन हातचं गेलेलं, खिशात दमडी नाही, आणि सकाळी सकाळी येऊन म्हणतो, "भाऊ, माह्याकडं किती निघते ते आजच सांगा. मागून पोरीले तरास नको." पैसे नसताना हिशेब विचारायला कोणी येत नाही. त्याला चहा देऊन पोराला शेजारी बसवलं आणि गोदामात जाऊन १४४१६ लावला, म्हणजे टेली मानस, मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन.

फोनला पैसे पडत नाहीत, रात्रीबेरात्रीही चालू असतो. भाषा निवडता येते, मराठी आहे. म्हटलं, "मॅडम, त्रास मला नाही, तरी बोलू का?" "बोला ना," म्हणाल्या. त्यांनी सांगितलं ते असं: जीव द्यायचा विचार येतो का, हे सरळ विचारा, विचारल्यानं नसलेलं डोक्यात भरत नाही. एकटं सोडू नका. घरातली फवारणीची औषधं काही दिवस दुसरीकडं हलवा. आणि उपदेश नको. "लेकराबाळांकडं बघ" हे आपलं ठरलेलं वाक्य तर नकोच.

विचारताना जीभ जड झाली. तो बराच वेळ गप्प होता, मग "येते" म्हणाला. फोन त्याच्या हातात दिला. आधी तयार नव्हता, सरकारी नंबर म्हणजे पोलीस येतील ही भीती. तसं नाही, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात तर प्रयत्न करणारा माणूसही तीव्र ताणाखाली होता असं धरून त्याला शिक्षा न करण्याची तरतूद आहे. त्याचं बोलणं संपेपर्यंत मी शटर अर्धं ओढून बाहेर उभा राहिलो. दुपारी त्याचा भाऊ आला, घरातले डबे माझ्या गोदामात आणून ठेवले. पुढं जिल्हा रुग्णालयात दाखवलं. गोळ्या चालू आहेत, उधारीही चालू आहे.

ही सेवा केंद्र सरकारनं १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू केली, तरी आमच्या बाजारात अजून फारसं कोणाला माहीत नाही. एका जुन्या पोस्टरवरचा भलताच नंबर लोकांकडं होता, तो लागतच नाही. म्हणून मी १४४१६ बिलबुकावरच छापून घेतला.

फोननं कर्ज फिटत नाही, पीकविमाही मिळत नाही, ती अपेक्षा ठेवू नका. आणि माणसानं काही करून घेतलं असेल किंवा करण्याच्या बेतात असेल, तर आधी १०८ नाहीतर ११२ लावा.