स्ट्रट बार आधी की टायर आधी?

पोलो जीटी, व्हर्टस जीटी किंवा आय२० एन लाइन दारात आली की बॉनेटखाली लाल नाहीतर निळा स्ट्रट बार (पुढच्या दोन्ही सस्पेन्शनचे माथे जोडणारा आडवा दांडा) हवासा वाटू लागतो. नाशिकच्या रस्त्यांसाठी माझं मत: आधी टायर, बुश (सस्पेन्शनच्या सांध्यांतले रबरी तुकडे) आणि अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं). बार त्यानंतर, पैसे उरले तर.

बार म्हणजे निव्वळ शोभा नव्हे. मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर एकत्र असलेला उभा खांब) असलेल्या गाडीत वळणावरचा आडवा जोर टॉवरच्या, म्हणजे स्ट्रट बॉडीला बसतो त्या भागाच्या, माथ्यापर्यंत जातो. माथे हलले की चाकांचा कॅम्बर (आत-बाहेरचा कल) बदलतो आणि स्टिअरिंग ढिलं वाटतं. बार दोन्ही माथे एकमेकांना बांधून धरतो. पण आजच्या हॅचबॅक-सेडानची बॉडी मुळातच कडक असते, त्यामुळे बारला करायला फारसं काही उरत नाही. छत नसलेल्या गाड्यांचं तसं नाही. माझदा एमएक्स-५ ला तर कंपनीच खालून ब्रेस (बॉडी बांधून धरणारा आधार) देते. वीस वर्षं जुन्या गाडीतही फरक जाणवू शकतो.

आता टायर-बुशांकडे बघा. लोअर आर्मचं (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचं) बुश गेलं की चाक जेवढं सरकतं, त्यापुढे टॉवरचं हलणं काहीच नाही. आणि कसारा घाटात गाडी शेवटी धरून ठेवतात ती टायरची तळहाताएवढी चार ठिकाणंच. पावसाळ्यात घासलेल्या टायरवर कुठलाही बार उपयोगाचा नाही.

बसवायचाच असेल तर पुढचा वरचा बार घ्या. खालचा ब्रेस सबफ्रेम (सस्पेन्शनला खालून धरणारी चौकट) बांधतो, काही गाड्यांत तो वरच्यापेक्षा जास्त काम करतो, पण गंगापूर रोडचे स्पीडब्रेकर तो आधी मोजणार. मागचा बार टॉर्शन बीमच्या (मागची चाकं एकाच आडव्या तुळईने जोडलेल्या) गाड्यांत मला वायफळ खर्च वाटतो. वर डिकीतली जागा जाते ती वेगळीच.

खरेदी करताना बारची टोकं बघा. ब्रॅकेट आणि नळी यांच्यामध्ये एकच बोल्ट असेल, तर जोर येताच बार तिथे बिजागरीसारखा फिरतो. घ्यावा तो एकसंध वेल्ड केलेला. सातपूर-अंबडला पाइप वाकवून बार बनवून देणारे फॅब्रिकेटर मिळतील. मात्र ब्रॅकेटची भोकं टॉवरवरच्या स्टडवर (वर आलेल्या बोल्टांवर) अलगद बसली पाहिजेत. ओढूनताणून बसवलेला बार टॉवरलाच ताणून धरतो. विमा कंपनीला कळवायला विसरू नका.

बॉडी खरंच पिळते का, हे फुकटात कळतं. एक चाक फुटपाथवर चढवून डिकी लावून बघा. सपाट जागी सहज लागणारं कुलूप तिथे अडत असेल, तर बारचा विचार करा. बसवल्यावर मित्राला तो गुपचूप कधी काढायला, कधी लावायला सांगा (नट टॉर्क रेंचनेच, म्हणजे ठरावीक जोर दाखवणाऱ्या पान्यानेच, आवळायचे) आणि बॉनेट न उघडता नेहमीच्या त्र्यंबक रोडवर, नेहमीच्याच वेगात फरक ओळखता येतो का बघा.