टिंबर मार्केटातलं जुनं सागवान: लाकडाला पाचपैकी साडेचार, मापाला दीड

हॉलमधल्या एका भिंतीला जुन्या लाकडाच्या फळ्या लावून घेतल्या. फळ्या आणल्या पुण्यात भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटातून, पाडलेल्या वाड्यांचं लाकूड विकणाऱ्या एका वखारीतून. वखारीचं नाव देत नाही. तिथला माल त्या महिन्यात कुठला वाडा पडला यावर ठरतो, मला मिळाला तो तुम्हाला मिळेलच असं नाही. दुसरं कारण पुढे मापाच्या गोष्टीत येईल.

आधी लाकूड, कारण ते खरंच उत्तम आहे. माझ्या फळ्या कडीपाटाच्या, म्हणजे माडीखालच्या लाकडी छताच्या. खालच्या अंगाला पिढ्यान्‌पिढ्यांच्या चुलीचा धूर बसून काळ्याभोर झालेल्या, वरच्या अंगाला माडीच्या जमिनीसाठी पसरलेल्या मातीची पुटं. सुताराचा हट्ट होता की सगळ्यांना रंधा मारू, आत सोनेरी लाकूड आहे. आहेच, पण सोनेरी फळी हवी असती तर नवीनच आणली नसती का? शिवाय एखादा तुटका खिळा आत राहिलेला असतो आणि मशीनचं पातं तिथेच जातं. काळी बाजूच दर्शनी ठेवली. गच्चीत नेऊन, तोंडाला मास्क लावून तारेच्या ब्रशने सुटी काजळी झाडली आणि वर चपडा लाखेच्या पॉलिशचे दोन हात दिले. आता टेकून बसलं तरी पाठ काळी होत नाही.

वखारीत दोन ढीग असतात, हे लक्षात ठेवा. एक खऱ्या जुन्या मालाचा. दुसरा मागच्या बाजूला, पॅकिंगच्या पॅलेटमधून निघालेल्या पाइनच्या पट्ट्यांचा, ब्लो-लँपने भाजून ‘अँटिक’ केलेल्या. ओळखणं सोपं आहे. जुन्या फळीत घडीव खिळ्यांची चौकोनी भोकं दिसतात आणि भोकाभोवती काळा डाग, कारण सागवानातलं टॅनिन लोखंडाशी लागलं की लाकूड काळवंडतं. भाजलेल्या पाइनची भोकं गोल आणि स्वच्छ. करवतीच्या खुणाही बघा: हातकरवतीच्या रेघा सरळ पण वेड्यावाकड्या अंतरावर, मशीनच्या गोल पात्याच्या कमानीसारख्या. पाइन वाईट असतं असं नाही. पॅलेटवर कणसाच्या चित्राचा शिक्का आणि ‘एचटी’ अशी अक्षरं असतील तर ते उष्णता देऊन कीडमुक्त केलेलं असतं, स्वस्तात भिंत करायला चालेल. ‘एमबी’ असेल तर मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली. तसलं मी घरात घेणार नाही. पण पाइन सागवानाच्या आसपासच्या भावात का म्हणून घ्यायचं?

शेठ प्रत्येक फळीला ‘बर्मा’ म्हणतात. म्यानमारने २०१४ साली ओंडक्यांची निर्यात बंद केल्यापासून या शब्दाला फारच वजन आलंय. धुराने काळी पडलेली फळी म्यानमारची की बल्लारशाची हे नुसतं बघून कोण सांगणार? आणि बल्लारशाचं सागवान काय कमी आहे, अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी तेच गेलं. ‘बर्मा’चे वेगळे पैसे देऊ नका.

हिरव्या ऑइलपेंटच्या काही फळ्या मला फार आवडल्या होत्या, पण सोडल्या. भारतात घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा आली ती २०१७ साली. त्याआधीच्या रंगात किती शिसं असेल याचा भरवसा नाही, आणि तो रंग घरात घासून काढायचा म्हणजे ती धूळ नातवंडांच्या नाकात.

आता माप. मी तीस वर्षं गणित शिकवलं, त्यामुळे हा भाग जरा लांबेल. माझी भिंत १० बाय ८, म्हणजे ८० चौरस फूट. लाकडाचा हिशेब घनफुटात होतो, आणि एक इंच जाडीच्या एका घनफुटात १२ चौरस फूट झाकतं. भागाकार पावणेसातच्या आत येतो. कुजलेली टोकं, फुटलेल्या कडा धरून मी ९ घनफूट ठरवलं होतं. जुनी फळी सगळीकडे सारखी जाड नसते; मध्ये एक इंच, टोकाला सव्वा. शेठच्या माणसाने टेप लावली ती प्रत्येक वेळी टोकाला. त्या हिशेबाने ९ चे सव्वाअकरा होतात. मी म्हटलं, मध्यावर मोजा. तर, “ताई, मार्केटची पद्धतच आहे ही.” पद्धत असेल, पण सव्वादोन घनफूट हवेचे पैसे मी का देऊ? बरीच हुज्जत घातल्यावर १० वर तोडलं, आणि तेही चेहरा पाडून. भाव मात्र वाजवी वाटला, नव्या चांगल्या सागवानाच्या निम्म्याहून थोडा वर.

छोट्या हत्तीने माल आणून दिला आणि फाटकाशी उतरवून टेंपोवाला निघून गेला. लिफ्टमध्ये आठ फुटी फळी मावत नाही. हमाल वेगळे करावे लागले. हे आधी कोणी बोललं नव्हतं.

बसवण्याबद्दल थोडक्यात. सागवान घनफुटाला साधारण १८ किलो भरतं, म्हणजे भिंतीवर सव्वाशे किलो. विटांच्या भिंतीला गिट्ट्या ठोकून उभ्या बॅटन, म्हणजे लाकडी पट्ट्या, मारल्या, त्यांवर आडव्या फळ्या स्क्रूने. जिप्समच्या पार्टिशनवर हा उद्योग करू नका, बाथरूमच्या ओल्या भिंतीवर तर नाहीच. लाकूड पूर्ण वाळलेलं असल्यामुळे पावसाळा गेला तरी एकही फळी वाकलेली नाही. फळ्यांच्या कडेचा पांढरट भाग तेवढा सुताराकडून छाटून घ्या. वाळवी आणि भुंगा आधी तिथेच लागतात, गाभ्याच्या वाटेला सहसा जात नाहीत.

उरलेला माल वखारवाले परत घेत नाहीत. निवडून, मध्यावर मोजून, नेमकाच घ्या.